आधी सोलापूर ऐक

पहिली संगीतरचना करायची म्हणतोस ना, मग स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर राहू दे रे सध्या. सोलापूरच्या पूर्व भागात जा, पॉवरलूमच्या दारात अर्धा तास उभा राहा. आडवा धागा नेणारा धोटा या टोकाला आपटतो, त्या टोकाला आपटतो. शेजारच्या मागाची लय किंचित पुढे सरकते, थोड्या वेळाने दोन्ही लयींची पुन्हा गाठ पडते. तुझी पहिली रचना तिथे आहे, खरंच सांगतो.

नवखे इथे चुकतात:
- सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीतली हलगी रेकॉर्ड करून जशीच्या तशी चिकटवतात. तिची लय घे, आवाज नको.
- पहिल्याच कामात अख्खा वाद्यवृंद. तीन वाद्यं, पाच मिनिटं, बस्स.

आणि वाजवणार कोण, ते लिहिण्याआधी ठरव. हंगेरीचा संगीतकार बार्टोक 1906 मध्ये फोनोग्राफ, म्हणजे जुनं ध्वनिमुद्रण यंत्र, घेऊन लोकगीतं टिपत खेडोपाडी हिंडला, ऐकलेलं मुरायला त्यालाही वर्षं लागली. पहिलं पान झालं की मला दाखव.