वाचकांचे प्रश्न : उजनीच्या पाण्याखालचा जुना लोहमार्ग

प्रश्न : पुणे-सोलापूर रेल्वेचा जुना मार्ग उजनीत गेला, असे घरातले वडीलधारे सांगतात. तो नेमका कुठून जात होता हे आज शोधता येईल का?
— एक वाचक, इंदापूर

उत्तर : येईल, आणि शोधायलाच हवा. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा पुणे-डिकसळ टप्पा १५ डिसेंबर १८५८ रोजी सुरू झाला. डिकसळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, हा पुढचा टप्पा २३ ऑक्टोबर १८५९ रोजी. मधले दहा महिने डिकसळ हेच या मार्गाचे शेवटचे स्टेशन होते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यामुळे भिगवण आणि जेऊर यांच्या दरम्यानची गाडी जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे अशा नव्या वाटेने गेली.

सुरुवात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या धरणापूर्वीच्या, एक इंचाला एक मैल प्रमाणाच्या नकाशांनी करा. भिगवण-डिकसळसाठी ४७ जे/१५ आणि जेऊरसाठी ४७ एन/३ हे पत्रक मागा. स्कॅन केलेला नकाशा आजच्या उपग्रह-नकाशावर बसवताना बहुतेकांची एक चूक होते. ते पत्रकाच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे भरतात. जुने नकाशे पृथ्वीचा आकार मोजण्याच्या जुन्या एव्हरेस्ट पद्धतीवर आहेत, आजचे जीपीएस वापरते त्या डब्ल्यूजीएस ८४ वर. त्यामुळे सगळी रेघ शंभर मीटरच्या घरात सरकते आणि तुम्ही भलत्याच शेतात उभे राहता. त्याऐवजी जागेवरून न हललेल्या सहा-आठ खुणा जुळवा : डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल, दौंडकडचा आणि जेऊरच्या पुढचा न बदललेला मार्ग, टेकड्यांवरचे त्रिकोणमिती बिंदू, म्हणजे सर्वेक्षणाच्या पक्क्या खुणा. खुणा पत्रकभर विखुरलेल्या हव्यात. एकाच कोपऱ्यात गर्दी झाली की दुसरा कोपरा हमखास वाकडा बसतो.

प्रश्न : उपग्रहचित्रात उन्हाळ्यात पाण्यातून बऱ्याच रेघा वर येतात. त्यांतली रेल्वेची कोणती?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रेल्वे उंचीवरून ओळखावी. गाडीरस्ता प्रत्येक ओढ्यात उतरतो आणि पलीकडे चढतो. लोहमार्गाला ते परवडत नाही. सपाट मुलखातल्या मुख्य मार्गावर शंभर मीटरला एक मीटरपेक्षा जास्त चढ सहसा देत नसत. त्यामुळे ओढ्यावर भराव आणि मोरी (भरावाखालून पाणी जाण्याची वाट), उंचवट्यात खोदाई.

याचा उपयोग असा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात आणि दर पाच दिवसांनी नवे येते. मार्च ते जूनची ओळीने घ्या. प्रत्येक तारखेला धरणाची पातळी किती होती ते जलसंपदा विभागाच्या नोंदीतून लिहून ठेवा. म्हणजे त्या दिवशीची पाण्याची कड हीच त्या उंचीची समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ झाली. पातळी उतरत जाते तसा जुना रस्ता तुकड्या-तुकड्याने, आधी उंचवट्यांवर, वर येतो. रेल्वेचा भराव मात्र लांबच्या लांब पट्ट्यात जवळपास एकदमच उघडा पडतो. दोन बाजूंना पाणी आणि मध्ये कोरडी बारीक रेघ, असे चित्र एक-दोन तारखांनाच मिळते. तीच चित्रे जपून ठेवा.

एकेरी ब्रॉडगेजच्या भरावाचा माथा साधारण सहा मीटर असतो आणि या चित्राचा एक ठिपका दहा मीटरचा. म्हणून माथा नव्हे, उतारासकट पूर्ण रुंदी दिसते. भरावासाठी दोन्ही अंगांना माती उकरलेली असते. त्या खड्ड्यांत पाणी मागे राहते आणि दोन समांतर काळ्या पट्ट्या उमटतात. शेताचा बांध अचानक काटकोनात वळतो, रेल्वे कधीच नाही. खोदाईचा भाग मात्र गाळाने भरून गेलेला असतो, तिथे रेघ तुटली म्हणून गोंधळू नका. खातरजमेसाठी १९६० ते १९७२ मधली अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांची चित्रे पाहा. शेवटच्या वर्षांतल्या चित्रांत दोन मीटरपर्यंतचा तपशील उमटतो.

प्रश्न : धरण ‘मायनस’मध्ये गेल्यावर चालत जाता येईल का? रूळ सापडतील?
— एक वाचक, करमाळा

उत्तर : आधी मायनसचा अर्थ. उपयुक्त साठा संपून पाणी मृत साठ्यात, म्हणजे नेहमी वापरात न येणाऱ्या तळच्या पाण्यात उतरले की धरण मायनसमध्ये; टक्केवारी उपयुक्त साठ्याच्या हिशेबाने. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट), मृत साठा ६३.६६ टीएमसी. उणे ५० टक्के म्हणजे मृत साठ्यातून सुमारे २६.८ टीएमसी गेले, तरी जवळपास ३७ टीएमसी शिल्लक. २०१९ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत पातळी याच्याही खाली गेली होती. अशी वर्षे सोडू नका.

वरून तडे गेलेला गाळ कोरडा वाटतो, पण खाली राबडी असते. सात-आठ फुटी बांबू पुढे खुपसत चला, एकट्याने जाऊ नका. गाळपेर (उघड्या गाळावरची शेती) असेल तर शेतकऱ्याला विचारून जा. त्याच्या नांगराला खडी कुठे लागते हे तो बोट दाखवून सांगेल. रूळ आणि स्लीपर मार्ग बंद झाल्यावर सहसा उचलून नेतात, त्यांची आशा धरू नका. मोरीचे घडीव दगड दिसले तर फोटोत मोजपट्टी ठेवा आणि दगड जागचा हलवू नका.

प्रश्न : जो भाग कधीच उघडा पडत नाही, तो कसा मोजायचा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मासे शोधायचे साइड-स्कॅन सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ दाखवणारे यंत्र, भाड्याच्या होडीला लावून. ४५५ किलोहर्ट्‌झ, वेग ताशी पाच-सहा किलोमीटर. मार्गाच्या बाजूने लांबवर जाऊ नका, आडवे छेद घ्या, दर ५० मीटरला एक. भरावाचा उंचवटा आडव्या छेदातच उठून दिसतो. हिशेब सोपा आहे. त्या दिवशीची पातळी ४९२.४० मीटर, सोनारने दाखवलेली खोली ३.१० मीटर, सोनारचे टोक पाण्यात ०.३० मीटर बुडालेले, तर भरावाचा माथा ४८९.०० मीटरवर. मोबाइलची उंची इथे वापरू नका. काही ॲप समुद्रसपाटीऐवजी लंबगोलापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची देतात आणि महाराष्ट्रात हा फरक साठ-सत्तर मीटरचा पडतो. माथ्याच्या नोंदी ओळीने मांडल्या की चढ हळूहळू बदलताना दिसला पाहिजे. एकच नोंद एकदम दोन-तीन मीटर खाली गेली, तर ती मोरीची किंवा पुलाची जागा समजून तिथे छेद दाट घ्या.

मासेमारीची जाळी पंख्यात अडकतात, म्हणून होडी चालवायला स्थानिक मच्छीमारच हवा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे वारे उठते. मे २०२४ मध्ये कळाशी-कुगाव दरम्यान अशाच वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. सकाळी अकरापर्यंत काम आटोपून किनाऱ्याला या.