‘स्वसंरक्षणार्थ’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे : विहिरीवरची मोटर चोरणाऱ्याला शेतकऱ्याने रात्री गाठून मारलं आणि चोर मेला, तर बातमीत ‘स्वसंरक्षणार्थ’ लिहिणं बरोबर आहे का?

चोर अंगावर धावून आला असेल तर बरोबर. तो नुसती मोटर सोडवत असेल तर नाही, कारण ‘स्व’मध्ये मोटर येत नाही. कायद्याच्या मराठी पुस्तकांत ‘खाजगी बचावाचा हक्क’ असं म्हणतात. तो आपल्या आणि दुसऱ्याच्याही शरीराला व मालमत्तेला लागू होतो, म्हणून शब्द ‘बचाव’च हवा.

पण मालमत्तेच्या बचावात जीव घेण्याची मुभा फार थोड्या प्रसंगी आहे. त्यासाठी 1860च्या भारतीय दंड संहितेत कलम 103 होतं, 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 41 आहे. ते प्रसंग असे : जबरी चोरी (मारहाण करून किंवा धाक दाखवून केलेली), सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठवण्याच्या इमारतीला लावलेली आग (आता स्फोटकंही), आणि जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती घालणारी चोरी, नासधूस किंवा घरात घुसखोरी. साधी चोरी यात नाही.

म्हणून ‘चोरी’ आणि ‘घरफोडी’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. घरफोडीत काही फुटलंच पाहिजे असंही नाही. हरवलेली किल्ली सापडली, तिने कुलूप उघडून कोणी आत शिरला, ही घरफोडीच. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला तरी घरफोडी. सताड उघड्या दारातून सरळ आत आला तर मात्र ते गृहअतिक्रमण, म्हणजे नुसती घरात घुसखोरी. कायद्याच्या लेखी ‘घर’ राहतं असण्याचीही गरज नाही, माल ठेवायची इमारत चालते. त्यामुळे मोटर विहिरीत सोडलेली असेल तर ती चोरी, पण कुलूपबंद खोलीत असेल आणि कुलूप तोडलं असेल तर घरफोडी. वस्तू तीच, रात्र तीच, पण शेतकऱ्याचा हक्क वेगळा! (‘दरोडा’ही जपून लिहावा, त्याला किमान पाच जण लागतात.)

घरफोडी ठरली तरी गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर हा हक्क मिळतच नाही. चोर खोलीबाहेर पडला की घरफोडीविरुद्धचा हक्क संपतो. बांधापर्यंत पाठलाग करून डोक्यात पहार घातली तर त्याला ‘बचाव’ म्हणणं मला चूक वाटतं. हक्क होता, पण सद्भावनेने, आधी न ठरवता आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू न धरता मर्यादा ओलांडली गेली, असं न्यायालयाला पटलं तर गुन्हा ‘खून’ नसून ‘सदोष मनुष्यवध’ (खुनाहून सौम्य गुन्हा) ठरतो. निकाल लागेपर्यंत बातमीत ‘चोरीच्या संशयावरून मारहाण, एकाचा मृत्यू’ एवढंच लिहावं.