पान लागलं, म्हणजे साप चावला, तर सकाळची वाट बघू नका

पाऊस लागला की माझ्या फोनवर सापांचे फोटो यायला सुरुवात होते, निम्मे अंधारात काढलेले, त्यात शेपूट कुठं आणि तोंड कुठं तेच कळत नाही. राधानगरी रोडला दवाखाना आहे माझा, त्यामुळं पिढ्यान् पिढ्या रानात राहणारे आणि अलीकडं हौसेनं फार्महाऊसवर रहायला आलेले, दोघंही विचारतात आणि खरं सांगू का, तेच तेच विचारतात. म्हणून एकदाच लिहितो.

पन्हाळ्याच्या पायथ्याला घर बांधलंय. साप पळवणारं सोलर मशीन ऑनलाइन मिळतंय, चार कोपऱ्यांना चार लावू का? की कार्बोलिक ॲसिड बरं?

पैसे ठेवा खिशात. मशीनवाला ज्या बारीक आवाजाची जाहिरात करतोय तो सापाला ऐकूच येत नाही, त्याला जमिनीची कंपनं आणि खालच्या पट्टीतले आवाज तेवढे कळतात. असल्याच एका मशीनच्या बुडाला वेटोळं घालून निवांत बसलेली धामण मी बघितलीय, मालक शेजारी पावती घेऊन उभा. कार्बोलिकनं साप अडत नाही, पोरांची कातडी मात्र भाजते. भिंतीला लागून रचलेलं सरपण आणि विटा लांब हलवा, उंदीर कमी करा, दाराखालची फट बुजवा. बास.

माकडानं पोराला ओरबाडलंय, रक्त थोडंच आलंय. हळद लावलीय. इंजेक्शन लागेल का?

लागेल. हळद धुवून टाका, नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि आजच सरकारी दवाखान्यात जा. रेबीज झाल्यावर औषध नाही.

दाजीपूरकडं शेत आहे, रात्री गवा येतो. फटाके लावू का?

नको. दाजीपूरला अभयारण्य १९५८ पासून आहे, तो तिथलाच, येणारच. पूर्ण वाढलेला नर टनाच्या आसपास भरतो, तो तुम्हाला मारायला येत नाही पण वाट अडली, बिथरला की समोर जे असेल ते उडवतो. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला, माणसांनी पळवून पळवून दमवला आणि शेवटी तो मेला, आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडं कोल्हापुरात दुसरा गवा आला तर आपणही मोबाईल काढून मागं लागलो! लांब थांबा, कुत्री बांधा, त्याला जायला वाट ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करा. पिकाचं नुकसान झालं असेल तर आधी वनरक्षकाला बोलवून पंचनामा, मग साफसफाई. उलटं करून मग भरपाईसाठी माझ्याकडं चिठ्ठी मागू नका.

रात्री घरात काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. शेजारी म्हणतात कवड्या आहे, बिनविषारी. आम्ही खाली अंथरूण टाकून झोपतो. चावला तर खूण दिसेलच ना?

नाही दिसणार, आणि ह्याच एका गोष्टीनं मला झोप लागत नाही. कवड्याचे पट्टे मानेकडं ठळक आणि शेपटीकडं पुसट होत जातात, मण्यारीचं उलटं, पण रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात हे बघायला खाली वाकू नका. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, दात इतके बारीक की डास चावल्याएवढंही कळत नाही, सूज नाही, आग नाही. माणूस पहाटे उठतो आणि म्हणतो पोटात दुखतंय. घरचे ओवा देतात, सोडा देतात, पित्त झालंय म्हणतात.

मागं एक दहावीची पोरगी पहाटे आणली. रात्री पोटात कळ आली, दोन उलट्या झाल्या, मग कुणीतरी म्हणालं पान लागलंय, तर दवाखाना सोडून आधी पाला देणाऱ्याकडं नेली, त्यात तीन तास गेले. मी तिला म्हटलं वर पंख्याकडं बघ, तर पापण्या उचलेनात, कपाळाला आठ्या घालून बघायला लागली बिचारी. एका दमात वीसपर्यंत मोज म्हटलं तर अकराला थांबली. अंगावर दाताची खूण शोधून सापडली नाही. ॲम्ब्युलन्समध्ये मी स्वतः बसलो, कोल्हापुरात व्हेंटिलेटरवर राहिली, वाचली. पण प्रत्येक जण वाचत नाही, कारण मण्यारीचं विष नसांच्या टोकाला एकदा बसलं की प्रतिविष ते मागं खेचू शकत नाही, पुढचं नुकसान तेवढं थांबवतं. म्हणून तासाला किंमत आहे.

तेव्हा पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात कळ, डोळे जड, बोलणं बोबडं, थुंकी गिळता येईना, यातलं काहीही झालं तर साप दिसला असो नसो, १०८ ला फोन करा आणि कोल्हापूरच्या सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. दोरीनं आवळू नका, कापू नका, चोखू नका, हात-पाय हलू देऊ नका. आणि आज रात्रीपासून मच्छरदाणी लावा, चारी बाजूंनी गादीखाली नीट खोचून. कॉट घेतली तर उत्तमच.

साप मारून दवाखान्यात आणावा का, डॉक्टरांना कळावं म्हणून?

नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांना प्रतिविष एकच आहे. साप मारायच्या नादात दुसराही चावून घेतो आणि मेलेल्या सापाचं डोकंसुद्धा चावू शकतं.

ऊस तोडताना बिबट्याची दोन पिल्लं सापडलीत. घरी आणून दूध पाजू का?

आहेत तिथंच ठेवा, हात लावू नका, सगळी माणसं त्या फडातनं बाहेर काढा आणि १९२६ ला कळवा. आई अंधार पडला की न्यायला येते. मला फोटो पाठवू नका, तेवढा वेळ तिथं उभं राहू नका.