ट्रोपोनिनचा आकडा आणि अ‍ॅब्लेशनची तीन यंत्रं

प्रश्न : वडिलांचं (वय 66) एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरणं) पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशन झालं. दुसऱ्या दिवशी ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. काकांचं दोन वर्षांपूर्वी रेडिओफ्रीक्वेन्सीने झालं, तेव्हा आकडा बराच कमी होता. नव्या यंत्राने हृदयाला जास्त इजा होते का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : दोघांचे कागद शेजारी ठेवून तुलना करू नका. अ‍ॅब्लेशन म्हणजे ठोके बिघडवणारे विद्युत संदेश अडवायला फुप्फुसाच्या शिरांच्या तोंडाशी मुद्दाम केलेली इजा, त्यामुळे ट्रोपोनिन प्रत्येकाचंच वाढतं. किती वाढतं, ते पेशी कशा मेल्या यावरही ठरतं.

रेडिओफ्रीक्वेन्सीत ऊतक तापतं. 50 अंश सेल्सिअसच्या पुढे पेशी मरतात, पण त्याच उष्णतेने प्रथिनंही गोठतात. अंडं उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो तसं. मग त्यातलं थोडंच ट्रोपोनिन रक्तात उतरतं, असं मानलं जातं. पल्स्ड फील्डमध्ये हजार-दोन हजार व्होल्टचे, सेकंदाच्या लाखाव्या भागाइतके छोटे झटके पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात. पेशी फारशी तापत नाही, गळते; आतलं सगळं बाहेर येतं. शिवाय हे कॅथेटर (हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी) शिरेभोवतीचा रुंद पट्टा एकदमच व्यापतं. क्रायोबलूनचा, म्हणजे गोठवण्याच्या पद्धतीचा, आकडाही पुष्कळदा रेडिओफ्रीक्वेन्सीहून जास्त येतो. त्यात नायट्रस ऑक्साइडने गार केलेला 28 मिलिमीटरचा फुगा शिरेच्या तोंडाशी 3-4 मिनिटं दाबून धरतात.

एमआरआयमध्येही हाच फरक दिसला आहे. पल्स्ड फील्डनंतर लगेच डाग मोठा दिसतो, पण 3 महिन्यांनी बराचसा मावळतो; उष्णतेचा किंवा थंडीचा डाग मागे राहतो. आणि जास्त ट्रोपोनिन म्हणजे जास्त यश, असंही नाही. या पद्धतींची तुलना करणाऱ्या 2023 च्या अ‍ॅडव्हेंट चाचणीत 607 रुग्ण होते. वर्षभरानंतर पल्स्ड फील्ड गटात 73.3 टक्के, तर उष्णता-थंडीच्या गटात 71.3 टक्के यशस्वी ठरले, म्हणजे जवळपास बरोबरीच. त्यातून एका प्रयोगशाळेत ट्रोपोनिनचा आय हा प्रकार तपासतात, दुसरीत टी; रक्त सहा तासांनी घेतलं की चोवीस, यानेही आकडा हलतो. तक्रार नसताना ही तपासणी केलीच नसती तर बरं, असं आमचं मत. छातीत दुखतंय, रक्तदाब पडलाय किंवा ईसीजी बदललाय, तर मात्र आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाभोवती रक्त साचलंय का ते पाहावं लागतं.

प्रश्न : मग धोका कशात कमी?
– वाचक, रावपुरा

उत्तर : प्रत्येकाची खोड वेगळी. रेडिओफ्रीक्वेन्सीत कॅथेटरच्या टोकाचा दाब साधारण 10 ते 20 ग्रॅम ठेवतात. कमी दाबाने डाग अर्धवट राहून ठोके परत बिघडतात. जास्त दाबाने भिंत भेदण्याची भीती. ऊतक 100 अंशांवर गेलं तर आतलं पाणी वाफ होऊन फुटतं. क्रायोत उजव्या शिरांजवळची, श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस गारठते, म्हणून डॉक्टर ती नस सतत चेतवत पोटावर हात ठेवून श्वासपटलाचे ठोके जोखतात. ठोका मंदावला की गोठवणं तिथेच थांबवायचं. पल्स्ड फील्डमध्ये अन्ननलिका आणि ही नस बऱ्याच अंशी वाचते, मात्र कोरोनरी धमनी आकसू शकते. झटके फार दिले तर तांबड्या पेशी फुटून लघवी लालसर-काळसर होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. असा रंग दिसला तर वाट न पाहता कळवा.

उष्णता किंवा थंडीच्या पद्धतीनंतर आठवड्यापासून दोन महिन्यांपर्यंत ताप, गिळताना दुखणं किंवा हात-पाय लुळे पडणं दिसलं तर अन्ननलिकेला भोक पडल्याची शंका घ्या. असं क्वचितच घडतं, पण जिवावर बेततं. लगेच छातीचा सीटी करवा. एंडोस्कोपी नको, तिच्यात फुंकलेली हवा त्या भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाते.

प्रश्न : ऑपरेशन नवरात्रीच्या 10 दिवस आधी आहे. गरबा?
– वाचक, मांजलपूर

उत्तर : जांघेतल्या शिरेतून कॅथेटर जातं. आठवडाभर वजन उचलू नका, उकिडवं बसू नका. कमाटीबागेत सपाट वाटेवर चाला. गरबा यंदा खुर्चीवरूनच पाहा, कारण त्याच्या बैठका आणि गिरक्या जांघेवरच येतात. रक्त पातळ करणारी गोळी किमान दोन महिने एकही दिवस चुकवायची नाही, ठोके सुरळीत वाटले तरी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठोके अधूनमधून बिघडले, तर तेवढ्यावरून अ‍ॅब्लेशन फसलं असं धरत नाहीत.