शंभरपटीचा हिशेब

प्रिय मुला,

ख्रिस्तात सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर गेटपाशी तू विचारलंस, "काका, उपास केला, अर्पण दिलं, तरी नोकरी का नाही?" मंडळींना पोह्यांची घाई होती, म्हणून तेव्हा काही बोललो नाही. आज लिहितो.

अर्पण मोजायला मीच बसतो, त्यामुळे तुझं पाकीट नजरेस पडलं होतं. वर बॉलपेनने 'पॅकेज १२ लाख', आत पाचशेची नोट. अरे, ही काय पेढी आहे? "बी पेरा, शंभरपट घ्या," असं कन्व्हेन्शनला, त्या मोठ्या प्रवचनसभेत, कुणीतरी सांगून गेलं आणि तू विश्वास ठेवलास. बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय स्वतः उघडून बघ. तिथे शंभरपट घरं आहेत, भाऊबहिणी आहेत, शेतं आहेत, आणि त्याच वाक्यात छळही आहे. तो भाग स्टेजवरून कुणी वाचत नाही.

भाकरीसाठी येऊ नकोस, येशूसाठी ये. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्यांवर पाच हजार पुरुष जेवले, वर बारा टोपल्या उरल्या. लोक इतके खूश की त्याला बळजबरीने राजा करायला निघाले. तो काय करतो? एकटाच डोंगरावर निघून जातो. दुसऱ्या दिवशी हीच माणसं होड्या करून कफर्णहूमला हजर, तर तोंडावर सांगतो की तुम्ही पोट भरलं म्हणून मला शोधताय. पुढे तो स्वतःलाच जीवनाची भाकर म्हणू लागला, तेव्हा बरेच शिष्य उठून गेले. त्यांना तो थांबवत नाही. तू कुणात बसणार, ते ठरव.

१८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पदरात काय पडलं? बायकोमुलाची ताटातूट. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडलं. आणि १९१७ मध्ये मिशनचा बांधलेला पगारही सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा मांडला. या हिंदी उपासनांच्या इंदुरात आपण घरी त्यांचेच अभंग गातो ना?

मला एका क्लासवाल्याने गणिताची रविवार सकाळची बॅच देऊ केली होती. पैसे पगाराहून जास्त. नाही म्हटलं. धाकट्या भावाचं विजयनगरात दुमजली घर झालं, आम्ही अजून भाड्याच्या दोन खोल्यांत. काकू टोमणे मारते. मुलीला मेडिकलला पाठवता आलं नाही, ती नर्सिंगला गेली. त्याची खंत जात नाही. तरी उद्या तीच बॅच पुन्हा आली तरी नाहीच म्हणेन. रविवार विकला असता तर संडे स्कूल कुणी चालवलं असतं? तुझ्या आईकडून दहा आज्ञा मीच पाठ करून घेतल्या, विचार तिला. हट्टी म्हण हवं तर.

भाकरीसाठी येऊ नकोस, एवढंच परत परत सांगतोय. महिनाभर सकाळी तो सहावा अध्याय वाच आणि काही मागू नकोस. अवघड जाईल, माझीही मागण्यांची सवय पुरती सुटलेली नाही.

अर्ज मात्र करत राहा. पीथमपूरचा इंटरव्ह्यू बुडवलास तर माझ्याकडे येऊ नकोस. आणि ते पाचशे आईच्या औषधांचे होते ना? या महिन्यात पाकीट टाकू नकोस, तिच्या गोळ्या आण.

तुझा,
काका