विधिमंडळात स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करायचंय? जळगावच्या ताईला उत्तर

जळगावला एम.ए. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या ताईने विचारलंय की स्त्रियांच्या धोरणावर आमदार-खासदारांसोबत काम करायला कोणती फेलोशिप आहे, अमेरिकेतली एक वाचनात आली तशी आपल्याकडे मिळेल का. शेवटी लिहिलंय, "इंग्रजी कच्चं आहे आणि घरचे दिल्लीला पाठवतील असं वाटत नाही." मी चाळीसगाव तालुक्यातली. पदवीनंतर एक वर्ष एका आमदारांकडे आणि पुढे दोन वर्षं एका खासदारांकडे हेच काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेतली ती फेलोशिप १९८० पासूनची. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तिथल्या काँग्रेस सदस्यांच्या कार्यालयात बसवून स्त्रियांचे विषय हाताळायला देतात. पण ती तिथल्याच विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी आहे, तेव्हा ती सोड. आपल्याकडे सर्वसाधारण फेलोशिपमध्ये शिरायचं आणि आपला विषय लावून धरायचा, हाच रस्ता मला सापडला.

दिल्लीत सगळ्यात नावाजलेली ती लॅम्प फेलोशिप, संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची, २०१० साली सुरू झालेली. एका खासदारामागे एक फेलो, पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत. कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण वयाची अट पंचविशीची आहे. एम.ए. झाल्यावर "आधी नेट देते, मग बघते" म्हणत बसलीस तर ही संधी हातची जाईल. त्या वर्षीची जाहिरात निघाली की लगेच अर्ज कर. मुख्यमंत्री फेलोशिपचं नाव तू घेतलं आहेस. ती चांगली आहे, पण ते शासनाच्या बाजूचं काम आहे, विधिमंडळाचं नव्हे. शिवाय तिथे प्रथम श्रेणी आणि वर्षभराचा अनुभव मागतात.

तुझ्यासाठी पहिली पायरी मात्र नागपूर. हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग घेते. नावं विद्यापीठांकडून जातात, म्हणून आजच विभागप्रमुखांना भेट. तिथे सभागृहाचं कामकाज डोळ्यांनी बघायला मिळतं. लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना हे शब्द पुस्तकात वाचणं वेगळं आणि प्रेक्षक गॅलरीत बसून मंत्र्यांची तारांबळ बघणं वेगळं.

आता खरं काम काय असतं ते सांगते, कारण अर्जात सगळेच "महिला सक्षमीकरणाची आवड" लिहितात आणि तिथेच मागे पडतात.

आमच्या भागातून दसरा-दिवाळीला ऊसतोडीला टोळ्या जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे दोघं मिळून एकच मजूर मोजतात, आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते. आमदारांकडे लागल्यावर मला वाटलं, यावर प्रश्न टाकायचाच. मी लिहिलं, "ऊसतोड महिला कामगारांची परिस्थिती अत्यंत बिकट आहे, हे खरे आहे काय?" आणि पाठवायला काढलं सहकार विभागाकडे, साखर आयुक्तालय त्यांच्याकडे म्हणून. आमदारांच्या स्वीय सहायकांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "याला उत्तर येईल 'हे खरे नाही', आणि पुढच्या सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'. मग काय कराल?"

दुसऱ्या दिवशी मी परत गावात गेले. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, बकरी चढत होती. ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांना ओळखपत्रं द्यायची असं शासनानं ठरवलं होतं. त्याबद्दल विचारलं तर एक बाई म्हणाली, "माय, नाव लिखी ल्या, पन पैसा कोनले भेटी?" त्या एका वाक्यावर मी प्रश्न नव्याने बांधला. अमुक तालुक्यात किती ओळखपत्रं दिली, त्यातली स्त्रियांच्या स्वतःच्या नावावर किती; असल्यास ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांचा लाभ त्यांच्या बँक खात्यात जमा होतो काय; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि विभाग सामाजिक न्याय, कारण महामंडळ त्यांच्याकडे. या प्रश्नाला "खरे नाही" म्हणून सुटता येत नाही, आकडा द्यावाच लागतो. फेलोचं निम्मं काम एवढंच आहे, ताई. त्या बाईचा सवाल अशा शब्दांत बसवायचा की मंत्र्यांना उत्तर टाळता येऊ नये.

अशा प्रश्नातून पुढे काही हलतं का? हलतं. बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली.

म्हणून अर्ज भरण्याआधी आपल्या तालुक्यातला एकच विषय धर. मला विचारशील तर हक्कसोड, म्हणजे बहिणीने वडिलोपार्जित मालमत्तेतला आपला हिस्सा लिहून सोडणं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, केंद्राची आली २००५ मध्ये. तरी आपल्याकडे राखीला येणारी बहीण तलाठ्याकडे कधी सही करून गेली हे तिलाही नीट आठवत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दोन दिवस बस, पाच-सहा बायकांशी बोल, मग बघ की हा विषय महसूलचा, नोंदणी-मुद्रांकचा की महिला व बालविकासचा. सोबत राज्याचं १९९४ चं पहिलं महिला धोरण आणि २०२४ चं चौथं शेजारी ठेवून वाच. तीस वर्षांत कोणतं आश्वासन तसंच पुढे सरकत आलंय ते दिसेल. यावर दोन पानी टिपण झालं की तुझा अर्ज तयार झाला असं समज.

इंग्रजीचं म्हणशील तर मुंबईत विधिमंडळाचं काम मराठीतच चालतं, आणि तिथे तुझी मराठी तुला पुढे नेईल. दिल्लीसाठी मात्र तेच टिपण इंग्रजीत लिहायची सवय लाव, रोज एक परिच्छेद. बोलण्यातल्या चुका कुणी मोजत नाही, पण चुकीचा आकडा खासदारांच्या तोंडून सभागृहात गेला तर ते कायम लक्षात ठेवतात.

फेलोशिप मिळेपर्यंत थांबूही नकोस. खान्देशात २० आमदार आहेत आणि बहुतेकांकडे संशोधन करणारं माणूस नाही. २०२४ ला महाराष्ट्रातून ७ स्त्रिया लोकसभेत गेल्या, त्यातल्या ३ आपल्याकडच्या, जळगाव, रावेर आणि धुळ्याच्या. रावेरच्या रक्षाताई खडसे मंत्री आहेत, म्हणजे त्या उत्तरं देणाऱ्यांच्या बाकावर. प्रश्न घेऊन जायचं तर स्मिताताई वाघ किंवा शोभाताई बच्छाव यांच्या कार्यालयात जा. एका खासदाराला दिवसाला पाचच प्रश्नांच्या सूचना देता येतात आणि त्यातूनही सोडत निघते. तयार, नेमका प्रश्न हातात घेऊन आलेल्या मुलीला कार्यालय परत पाठवत नाही, हा माझा अनुभव आहे.

घरच्यांची काळजी मला समजते, माझ्या अण्णांनीही महिनाभर अबोला धरला होता. त्यांना सांग की १९६२ साली आपल्या जळगावातून प्रतिभाताई पाटील आमदार झाल्या तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. आणि व्यवहाराचंही बोल. भुसावळहून दिल्लीला थेट गाडी आहे, महिला वसतिगृहात अर्ज आधीच करता येतो, पहिलं विद्यावेतन हातात पडेपर्यंत दोन महिन्यांचा खर्च जवळ लागतो. मी अण्णांना पहिल्या अधिवेशनाला सोबतच नेलं होतं. गॅलरीतून बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तो तिसरा प्रश्न तू लिहिलेला ना?"

हक्कसोडीवरचा पहिला मसुदा झाला की इथेच टाक. विभाग बरोबर लागलाय का ते मी बघून देते.