ब्रिटनमध्ये गाडी रद्द झाल्यावर दुसऱ्या कंपनीच्या गाडीने गेलो, तर तिकिटाचे पैसे कोणाला?

बहुतेकदा वाटणी बदलतच नाही. कोणत्याही कंपनीच्या गाडीला चालणाऱ्या तिकिटाचे पैसे ‘ऑरकॅट्स’ या पूर्वीच्या सरकारी ‘ब्रिटिश रेल’च्या काळातल्या मॉडेलनुसार वाटले जातात. ते वेळापत्रकावरून कोणत्या गाडीने किती लोक जातील याचा अंदाज बांधतं; तुम्ही प्रत्यक्षात कुठे बसलात हे त्याला कळत नाही. अडचणीत दुसऱ्यांचे प्रवासी सामावून घेणाऱ्यावर हा अन्यायच वाटतो मला.

उशिराबद्दल कंपन्यांना मिळणाऱ्या भरपाईचा हिशेब निराळा, रूळ वापरण्याच्या करारातल्या ‘शेड्यूल ८’ खाली. सिग्नल बिघडला तर ‘नेटवर्क रेल’ ही रूळ-सिग्नल सांभाळणारी संस्था गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांना पैसे देते. एका कंपनीमुळे दुसरीला उशीर झाला तरी पैसे नेटवर्क रेलमार्फतच फिरतात.

तुम्ही तिकीट जपून ठेवा आणि ज्या कंपनीच्या गाडीमुळे उशीर झाला तिच्याकडे ‘डिले रिपे’चा (उशिराबद्दल प्रवाशाला मिळणाऱ्या भरपाईचा) अर्ज नक्की करा.